समुद्राची नोंद आणि मकरपुऱ्यातला लेथ: सरकारनं यंत्र विकत घ्यावं की त्याची चालू वर्षं?

मकरपुरा_लेथ (धागाकर्ता) · रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचाच. दांडिया बाजारात वाढलो, आणि गेली २२ वर्षं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लहानसं वर्कशॉप चालवतो. दोन सीएनसी (संगणकानं चालणारी यंत्रं), तीन लेथ (धातू फिरवून कापणारी), एक मिलिंग, पाच माणसं. बहुतेक काम पंप आणि व्हॉल्व्हच्या सुट्या भागांचं. समुद्रावर धागा काढण्याचं कारण आधी सांगतो.

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री शहरात शिरली ते कुणीच विसरलेलं नाही. समा भागात माझ्या बहिणीच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं, दोन रात्री सगळी माणसं वरच्या शेजाऱ्यांकडे होती. कमी दाबाच्या ज्या पट्ट्यानं तो पाऊस आणला तो पुढे सौराष्ट्र-कच्छ ओलांडून अरबी समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला त्याचं 'आस्ना' चक्रीवादळ झालं. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ, हे त्याआधी १९७६ मध्ये झालं होतं. घरातला गाळ काढता काढता बहिणीनं विचारलं, "दादा, समुद्राचं पाणी किती तापलंय हे कुणी मोजतं का रे?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मोजणाऱ्या एका यंत्राचा भाग मी स्वतः बनवून दिलेला आहे.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी संस्थेची ऑर्डर एका मध्यस्थ कंपनीमार्फत आमच्याकडे आली होती. नाव कुणाचंच घेत नाही. सहा नळकांडी हवी होती, आत इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी बसणार, आणि ती समुद्रात २००० मीटर खोल जाणार. तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० किलो. ड्रॉइंग हातात घेतलं तेव्हा वाटलं, भिंतीची जाडी धरली की काम झालं. पण भिंत सोपी असते. खरी कसोटी असते झाकणाची, जिथं ओ-रिंग बसते. ओ-रिंग म्हणजे रबराचं साधं कडं, किंमत काही रुपये. दाब आला की ते ग्रूव्हच्या (खाचेच्या) एका बाजूला दाबलं जातं आणि फट बंद करतं. त्या ग्रूव्हच्या तळाला टूलची एक बारीक रेघ आडवी राहिली की पाण्याला वाट मिळाली. आमच्या जुन्या कारागिरानं, तीस वर्षं हात बसलेल्या माणसानं, पहिल्या झाकणावर नखाचं टोक फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, इथं अडकतंय." मीटरवर फिनिश बरोबर होतं, नख मात्र एका जागी थांबत होतं. आम्ही ते झाकण बाद केलं. नंतर बसवताना भिंगाखाली पाहायची सवय लावली, कारण ओ-रिंगवर एक केस आडवा पडला तरी दाबाखाली गळती होते हे दुसऱ्या नळकांड्यानं शिकवलं. टेस्टनंतर उघडलं तर आत चमचाभर पाणी आणि ओ-रिंगवर केसाचा ठसा.

सहाही नळकांडी शेवटी पास झाली. त्यासाठी केलेले जिग (काम पकडून ठेवायचे साचे), प्लग गेज (भोकाचं माप तपासायचे दांडे), टेस्टसाठी जुळवलेला पंप, सगळं धरून नफा शून्य. ते चालेल, कारण पुढची ऑर्डर येणार असं सगळेच म्हणत होते. पुढची ऑर्डर दोन वर्षांनी आली, नव्या टेंडरनं, सर्वांत कमी दराच्या अटीवर. ती आम्हाला मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांनाही सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं असणार. आमचे जिग अजून फळीवर आहेत. आणि त्या सहा नळकांड्यांचं समुद्रात काय झालं, गळली की टिकली, हे आम्हाला कुणी कधी कळवलं नाही. मला सर्वांत जास्त तेच लागलं. पैसे नंतर.

"समुद्र निरीक्षणात उद्योगांनी सरकारशी भागीदारी करावी" हे वाक्य हल्ली बरंच ऐकू येतं. ज्यांना आतून माहीत आहे त्यांनी सांगावं: भागीदारी म्हणजे नक्की काय? आम्ही वस्तू करून देणं आणि सरकारनं बिल देणं, एवढंच?


दर्यावर्दी_निवृत्त · रविवार, सकाळी ११:१५

भाऊ, छान लिहिलंत. मी ३४ वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, आता वाघोडिया रोडला स्थायिक. तुमच्या प्रश्नाचं एक जुनं उत्तर सांगतो.

अमेरिकी नौदलात मॅथ्यू माउरी नावाचा अधिकारी होता. अपघातात पाय अधू झाला, समुद्रावर जाणं संपलं, आणि १८४२ मध्ये त्याला नकाशे-उपकरणांच्या कोठाराचं काम दिलं. तिथं त्यानं जुन्या जहाजांच्या लॉगबुकांचे ढीग उपसले. मग व्यापारी जहाजांच्या कप्तानांना सांगितलं: मी तुम्हाला कोरे तक्ते देतो, तुम्ही रोजचा वारा, प्रवाह, पाण्याचं तापमान भरून परत द्या, आणि बदल्यात माझे वाऱ्या-प्रवाहांचे नकाशे फुकट घ्या. कप्तानांचे प्रवासाचे दिवस वाचू लागले, म्हणून ते स्वखुशीनं लिहू लागले. १८५३ मध्ये ब्रसेल्सला दहा देशांची परिषद भरली आणि जहाजांवरच्या नोंदींची पद्धत एकसारखी ठरली. व्यापारी माणूस आणि सरकार यांची समुद्रातली पहिली मोठी भागीदारी म्हणाल तर हीच. पैसा हातोहात गेला नाही. नोंदीच्या बदल्यात नोंद मिळाली.

आपल्याकडेही पाहा. 'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात बसलेल्या हेन्री पिडिंग्टननं १८४८ मध्ये दिला, आणि तो त्याला बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या जहाजांच्या लॉगबुकांवरून सुचला.

आम्हीही दर सहा तासांनी हवामानाची नोंद पाठवायचो. वारा, दाब, लाटा, समुद्राच्या पाण्याचं तापमान. त्याचे पैसे कुणाला मिळत नसत. रात्री तीनच्या वॉचला झोप डोळ्यांवर असताना ब्रिजच्या पंखावर जाऊन थर्मामीटर वाचायचा, कारण आपण वाचला नाही तर त्या चौकोनात शेकडो मैल दुसरं कुणी नाही, हे माहीत असायचं. एका फेरीला आमच्या जहाजावर एक्सबीटी सोडायला शास्त्रज्ञ आले होते. लहान टॉर्पेडोसारखी वस्तू, शेपटाला केसाएवढी बारीक तांब्याची तार. पाण्यात टाकली की तार सुटत जाते आणि खाली जाता जाता तापमानाची नोंद तारेतून जहाजावर येत राहते, शेवटी तार तुटते. जहाज थांबवावं लागत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं चेन्नई-पोर्ट ब्लेअर, पोर्ट ब्लेअर-कोलकाता अशा मार्गांवर वर्षानुवर्षं जाणाऱ्या जहाजांवरून हेच केलं.

तुम्हाला तुमच्या नळकांड्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही, यावर मी एवढंच म्हणेन की माउरीनं तसं केलं असतं तर दुसऱ्या वर्षी एकही तक्ता परत आला नसता.


हिशेबनीस · रविवार, दुपारी १:०५

मी सरकारी खरेदी विभागातून निवृत्त झालो. समुद्राशी संबंध नव्हता, पण टेंडर एकच असतं. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

सर्वांत कमी दराचा नियम आमच्यापैकी कुणी आळसानं धरून बसलेलं नाही. खरेदी अधिकाऱ्यानं जास्त दर दिला तर पाच वर्षांनी ऑडिटचा आक्षेप त्याच्या नावावर येतो, आणि तेव्हा "हा कारागीर नखानं ग्रूव्ह तपासतो" असं उत्तर लिहिता येत नाही. गुणवत्ता मोजून कागदावर आणावी लागते. तशी सोय मुळीच नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयानं सल्लासेवांच्या पलीकडच्या सेवा आणि बांधकामांसाठीही गुणवत्ता आणि दर यांचे एकत्र गुण धरायची मुभा दिली, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देऊन. लघुउद्योगांसाठी २०१२चं खरेदी धोरण आहे, ईएमडीतून (टेंडरसोबतच्या अनामतीतून) सूट आहे, आणि २००६च्या कायद्यानं ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. या गोष्टी मागाव्या लागतात. आपली लहान वर्कशॉपं मध्यस्थामागे उभी राहतात, म्हणून ती कागदावर दिसतच नाहीत.

खरी अडचण दुसरीकडे आहे. नवं यंत्र घ्यायचा पैसा भांडवली खर्चातून येतो आणि तो तुलनेनं सहज मंजूर होतो, कारण यंत्र दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं. ते यंत्र पाच वर्षं चालू ठेवायचा पैसा महसुली खर्चातून येतो, आणि काटकसर आली की पहिली कात्री तिथं लागते. जमिनीवरच्या यंत्राचं त्यामुळे फारसं बिघडत नाही, वर्षभर बंद राहिलं तरी ते जागेवर असतं. समुद्रातल्या यंत्राला ती सवड नाही.

म्हणून माझं म्हणणं: टेंडर नळकांड्यांचं काढूच नये. "अमुक ठिकाणी पाच वर्षं, दर तासाला, इतक्या अचूकतेची नोंद; इतके टक्के वेळ चालू" असं काढावं. सेवेचं टेंडर. त्यात बंद पडल्यास दंड, चालू राहिल्यास पैसे. मग मध्यस्थालाच नख फिरवणारा कारागीर शोधत तुमच्याकडे यावं लागेल, कारण गळती झाली तर त्याचे पैसे बुडतात.


मकरपुरा_लेथ · रविवार, दुपारी १:३२

हिशेबनीस काका, राग कसला! भांडवली आणि महसुली खर्चाची गोष्ट मला कुणी इतकी सरळ सांगितली नव्हती. पण पाच वर्षांच्या सेवेचं टेंडर निघालं तर आमच्यासारखा पाच माणसांचा गाळा ते भरू शकेल का? पाच वर्षं पैसे अडकवून ठेवायची ताकद मोठ्या कंपनीचीच.


कलाभवनी · रविवार, संध्याकाळी ६:२०

काका, दादा, मी सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजीत शिकले (आमच्या घरी अजून कलाभवनच म्हणतात), नंतर समुद्रविज्ञानाकडे वळले. काम समुद्राच्या नोंदींवरच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी आर्गो, कारण दादांची नळकांडी जवळपास त्याच जातीची. आर्गो फ्लोट म्हणजे माणसाच्या उंचीच्या आसपासची, २० ते ३० किलोंची नळी. ती १००० मीटरवर वाहत राहते. दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना तापमान, खारटपणा, दाब मोजते. पृष्ठभागावर आली की उपग्रहाला पाठवते आणि पुन्हा बुडते. पंखा नाही, इंजिन नाही. आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की वजन तेवढंच राहून आकार वाढतो, म्हणून ती वर येते. तेल आत घेतलं की खाली जाते. अशी चार-पाच वर्षं, बॅटरी संपेपर्यंत. कल्पना १९९०च्या दशकाअखेरची. २००७च्या नोव्हेंबरात ३००० फ्लोट पूर्ण झाले, आज जगात सुमारे ४००० आहेत. भारताच्या बाजूनं हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था, हे काम पाहतं. नोंद साधारण २४ तासांत जगातल्या कुणालाही खुली होते, ते फ्लोट कोणत्या देशाचं आहे हे न विचारता.

ही सगळी यंत्रं खाजगी कंपन्या बनवतात. अमेरिकेत, फ्रान्समध्ये, जपानमध्ये. पण खारटपणा मोजणारा जो मुख्य संवेदक आहे, तो बहुतांश फ्लोटांत एकाच अमेरिकी कंपनीचा असतो. उत्तम आहे म्हणूनच घेतात. पण एकाच ठिकाणी दोष निघाला तर काय होतं ते २००९ मध्ये दिसलं. दाब मोजणाऱ्या एका संवेदकात सूक्ष्म गळती सापडली. दाब चुकला की खोली चुकते, खोली चुकली की त्या खोलीचं तापमान चुकतं. देशोदेशीच्या संस्थांना फ्लोट सोडणं काही काळ थांबवावं लागलं.

आता हे सापडलं कसं, ते महत्त्वाचं. कच्ची नोंद सगळ्यांकडे होती, म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना ती इतर नोंदींशी ताडून पाहता आली. दर्यावर्दी काकांच्या एक्सबीटीतही तेच घडलंय. त्या टॉर्पेडोला खोली मोजता येत नाही. किती सेकंद पडला त्यावरून खोली काढतात, आणि पडण्याच्या वेगाचं सूत्र उत्पादकानं दिलेलं असतं. १९९५ मध्ये दाखवलं गेलं की त्या सूत्रानं खोली खऱ्यापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी कमी निघते. किती वर्षांच्या नोंदी! पण मूळ सेकंद आणि तापमान जपलेलं होतं, म्हणून जुन्या नोंदी दुरुस्त करता आल्या.

म्हणून हिशेबनीस काकांच्या सेवेच्या टेंडरला माझा पाठिंबा आहे, एका अटीवर. कंपनीनं फक्त "पाणी २९.३ अंश" असा तयार आकडा विकायचा नाही. कच्ची नोंद, संवेदकाचा क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख, सगळं सरकारच्या म्हणजे लोकांच्या मालकीचं झालं पाहिजे, आणि खुलं. सेलड्रोन कंपनीच्या मानवविरहित होड्या अमेरिकेच्या नोआनं (तिथल्या सरकारच्या हवामान-समुद्र संस्थेनं) अशाच करारानं वापरल्या. ३० सप्टेंबर २०२१ ला त्यातली एक होडी 'सॅम' चक्रीवादळाच्या आत गेली आणि तिथून चित्रफीत आणि नोंदी पाठवल्या. होडी कंपनीची, देखभाल कंपनीची, वादळात मोडली तर नुकसान कंपनीचं. सरकारनं मोहीम विकत घेतली. हे जमतं. पण नोंद कंपनीच्या तिजोरीत राहिली तर दहा वर्षांनी दोष सापडल्यावर दुरुस्त करायला हातात काहीच उरत नाही. कंपनी तोवर बंदही पडलेली असेल.

दादा, तुमच्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. उपग्रह समुद्राच्या फक्त वरच्या पापुद्र्याचं तापमान पाहतो. वादळ आपल्या वाऱ्यानं पाणी ढवळतं आणि खालचं थंड पाणी वर आणतं; त्यामुळे कधी ते स्वतःच मंदावतं. पण खालीही कोमट थर जाड असेल तर ढवळून काहीच थंड होत नाही आणि वादळ पुष्ट होत जातं. तो थर किती जाड आहे हे आत बुडालेलं यंत्रच सांगतं. चेन्नईच्या एनआयओटीचे (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे) ओम्नी बॉय, म्हणजे नांगरून ठेवलेले तरंगते बोये, ५०० मीटर खोलीपर्यंत हेच मोजतात. ते अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात मिळून मोजकेच आहेत. एवढ्या पाण्याला एवढेच!


मालवणी_बडोद्यात · रविवार, रात्री ९:१०

आम्ही मूळ मालवणचे, लग्न होऊन मी बडोद्याला आले. भावाचा ट्रॉलर आहे. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत मच्छीमार कुठेच आला नाही, म्हणून लिहितेय.

समुद्रात तरंगणारी कुठलीही वस्तू असू दे, तिच्या सावलीला मासा जमतो. बॉय असला की त्याखाली शेवाळ, बारकी जीवसृष्टी, मग लहान मासे, मग मोठे. म्हणून बोटी बॉयकडे जातात, कधी त्यालाच दोर बांधून राहतात. जाळं गुंततं, संवेदक मोडतो, सोलर पॅनेलही जातो. सरकारी लोक म्हणतात मच्छीमार नासधूस करतात. काही करतात, मी नाकारत नाही. पण भावाला मी विचारलं, "तो पिवळा बॉय कशाला आहे माहीत आहे का?" त्याला वाटत होतं तेल कंपनीचा आहे. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ज्या लाटांच्या इशाऱ्यावर तो बंदर सोडायचं की नाही ठरवतो, तो इशारा अशाच यंत्रांच्या नोंदींतून तयार होतो. इन्कॉइसचा मासळीचा पट्टा आणि लाटांचा अंदाज त्याच्या फोनवर रोज येतो, पण बॉयचा आणि त्या मेसेजचा संबंध त्याच्या डोक्यात जोडलेला नव्हता.

आता तो स्वतः बॉयपासून लांब राहतो आणि दुसऱ्यांना सांगतो. सेवेचं टेंडर काढाल तेव्हा राखणीचे पैसे किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायटीला द्या. तिथं रोज जाणारे आम्हीच आहोत. बॉय तिरका झालाय, दिवा बंद आहे, वाहून चाललाय, हे सगळ्यात आधी आम्हालाच दिसतं. आणि खोल समुद्रात मोबाइलची रेंज नसते, तिथं इशारा पोचावा म्हणून २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं यंत्र काढलं होतं, 'गगन' उपग्रह यंत्रणेवरून संदेश घेणारं. बनवणारी कंपनी बेंगळुरूची. अशी वस्तू बोटीवर असली की आमच्या माणसाला यंत्रणेचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही.

'तौक्ते'ची रात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो. १७ मे २०२१. बॉम्बे हायकडे पी-३०५ तराफा बुडाला, किती घरांतले कर्ते गेले. भाऊ तेव्हा दोन दिवस आधीच परत फिरला होता, इशारा वाचून.


सुरसागर_काठ · रविवार, रात्री ९:४५

ताई, तुमची पोस्ट घरी मोठ्यानं वाचून दाखवली. सोसायटीला राखणीचं काम, हे टेंडरच्या मसुद्यात पहिल्या पानावर पाहिजे.

एक प्रश्न: समुद्राखालून इंटरनेटच्या केबल जातात, त्यांनाच संवेदक का लावत नाहीत? त्या तर कंपन्या टाकतातच.


कलाभवनी · रविवार, रात्री १०:३०

नेमका प्रश्न. केबलमध्ये दर ५० ते १०० किलोमीटरवर रिपीटर असतो, प्रकाशाचा संदेश पुन्हा जोरकस करणारा, आणि त्याला वीज किनाऱ्यावरून मिळते. म्हणजे बॅटरीची चिंता नाही, उपग्रहाची गरज नाही. त्या रिपीटरशेजारी तापमान, दाब आणि भूकंपाची हालचाल मोजणारे संवेदक बसवायचे, अशी कल्पना आहे. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, जागतिक हवामान संघटना आणि युनेस्कोचा समुद्रविज्ञान आयोग यांचा संयुक्त गट त्यावर काम करतोय. पोर्तुगालनं अझोर्स-मदेराच्या नव्या केबलमध्ये हे घ्यायचं ठरवलं आहे.

कंपन्यांची भीतीही समजून घेतली पाहिजे. केबल २५ वर्षं तळाशी राहायची असते. त्यात नवं काही घातलं आणि त्यामुळे केबल बंद पडली तर नुकसान कुणाचं? हा धोका सरकारनं करारात उचलला तरच कंपनी तयार होईल. आपल्याकडे चेन्नई-अंदमान केबल १० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली, सुमारे २३०० किलोमीटर, बीएसएनएलसाठी जपानच्या एनईसीनं टाकलेली. २००४ची त्सुनामी ज्या पट्ट्यात उठली त्याच्या किती जवळून ती जाते पाहा. पुढची केबल टाकताना दूरसंचार आणि पृथ्वी विज्ञान ही दोन खाती एका टेबलाशी बसली पाहिजेत. नुसतं एवढं झालं तरी मोठं काम होईल.


राजमहाल_रोड · सोमवार, सकाळी ८:२०

बडोदा आणि समुद्र यांचा काय संबंध, असं कुणाला वाटत असेल तर थोडा इतिहास. ओखामंडळ, द्वारका, कोडीनार, नवसारी, बिलीमोरा हा सगळा किनारा बडोदा संस्थानाचा होता. ओखा बंदर संस्थानानंच उभारलं, १९२६ मध्ये ते सुरू झालं. त्याच्याही आधी सयाजीराव महाराजांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या मत्स्य-तज्ज्ञाला ओखामंडळच्या किनाऱ्याची पाहणी करायला बोलावलं. शिंपले, मोती, स्पंज, किनाऱ्यावरचे जीव, सगळं त्यानं आणि इतर तज्ज्ञांनी नोंदवलं, आणि त्याचा अहवाल संस्थानानं १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत छापला. पुस्तकाच्या कपाटात ठेवायला केलेली हौस नव्हती ती. मोत्याच्या शिंपल्यांचा धंदा किनाऱ्यावरच्या लोकांना करता येईल का, हा सरळ प्रश्न त्यामागे होता. नोंद राजाच्या पैशातून झाली आणि छापून सर्वांसाठी खुली झाली. कलाभवनीताई ज्या अटीबद्दल बोलतात, ती आपल्या शहरानं शंभर वर्षांपूर्वी पाळलेली आहे.

आणि आजही, नवसारीजवळ वासी बोरसीला किनाऱ्यावर रडार आहे, समोर खंभातच्या आखातापलीकडे जेगरीला दुसरं. दोन्ही मिळून आखाताच्या तोंडाशी पृष्ठभागावरचे प्रवाह मोजतात. आपण दांडी-उभराटला सहलीला जातो त्याच किनाऱ्यावर.


हिशेबनीस · सोमवार, सकाळी १०:५०

धागाकर्ते, तुमचा कालचा प्रश्न राहिला होता. पाच माणसांचा गाळा सेवेचं टेंडर भरू शकणार नाही, बरोबर. पण चार-पाच गाळे मिळून कन्सॉर्शियम करता येतं. एक मुख्य, बाकीचे सहभागी, कामाची वाटणी करारात. आणि टेंडरमध्ये दोन गोष्टी मागून घ्यायच्या. एक, पैसे दर तिमाहीला, चालू तासांच्या हिशेबानं. पाच वर्षांच्या शेवटी नाही. दोन, परत काढलेलं प्रत्येक यंत्र उघडताना बनवणाऱ्याला समोर बोलावणं बंधनकारक. दुसऱ्या अटीला सरकारला एक पैसाही लागत नाही. बोलीपूर्व बैठकीत लेखी मागा, लेखी उत्तर द्यावंच लागतं. मसुदा मी तपासून देतो.


मकरपुरा_लेथ · सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीपासून तीन वेळा धागा वाचला.

काका, तुमची दुसरी अट वाचून मी दुपारी गाळ्यात सगळ्यांना चहाला बोलावलं आणि मोबाइलवर वाचून दाखवली. आमचा जुना कारागीर काही बोलला नाही. उठला, फळीवरचा जिग खाली काढला, तेलाच्या फडक्यानं पुसला आणि प्लग गेज घालून पाहिला. अजून बरोबर बसतो.

रविवारी मी मुलाला घेऊन कावी-कंबोईला गेलो होतो, स्तंभेश्वर महादेवाला. बडोद्याहून समुद्र पाहायचा तर तेच जवळ. भरतीला पिंड पाण्याखाली जाते, ओहोटीला वर येते. पुजारी वेळापत्रक पाहून लोकांना मागे सरायला सांगत होता. मुलानं विचारलं, याला वेळ कशी कळते? मी म्हटलं, कुणीतरी वर्षानुवर्षं बंदरात पट्टी लावून पाणी मोजलंय, त्यावरून पुढच्या वर्षीचीही वेळ काढता येते. तो बराच वेळ पायऱ्यांकडे पाहत राहिला, पाणी चढताना.

शेजारच्या दोन गाळ्यांशी बोलणं झालंय. एक जण टायटॅनियमचं वेल्डिंग करतो, दुसरा रबराचे साचे. सर्किटवाला आणि दाबाची टेस्ट करणारा असे दोघे अजून हवेत. हायड्रो टेस्ट ३०० बारपर्यंत करू शकणारा पंप मकरपुरा, पोर किंवा सावली या भागांत कुणाकडे असेल तर इथंच लिहा. कलाभवनीताई, यंत्रासोबत द्यायच्या नोंदीचा कोरा तक्ता कसा असावा ते तुम्ही लिहून द्याल का? संवेदक क्रमांक, ओ-रिंगचा बॅच, कुणी बसवली, भिंगाखाली कुणी पाहिली, सगळे रकाने घाला. मालवणीताई, भावाला विचारा, बॉयवर कोणत्या भाषेत काय लिहिलं तर बोटीवरून वाचता येईल आणि अक्षरं केवढी हवीत.

शनिवारी संध्याकाळी पाचनंतर गाळा उघडा असेल.